पोटरी फाटली तिथनं पुढं : ६४ व्या वर्षी बॅडमिंटन चालू ठेवायच्या नोंदी

वय ६४. कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर ३६ वर्षं काम केलं, रिटायर होऊन चार वर्षं झाली. बॅडमिंटन खेळतोय १९८६ पासून, म्हणजे गेम पंधराची होती आणि ज्याची सर्व्हिस त्यालाच पॉइंट मिळायचा तेव्हापासून. कारखान्यात प्रत्येक मशिनचं रजिस्टर असायचं, बेअरिंग कधी बदललं, कशानं बंद पडलं, किती तास गेले. तीच सवय खेळाला लागली, २०१८ पासूनच्या वह्या घरात आहेत. खाली आहे ते २०२४ च्या वहीतलं, जून ते डिसेंबर, वाचता येईल इतपत नीट केलेलं. साठीच्या पुढं खेळणारे आणि दुखणं झाल्यावर घरातनं "आता बास" ऐकणारे पुष्कळ जण आहेत, त्यांच्यासाठी लिहितोय. मला जे सांगितलं ते माझ्या पायाला बघून सांगितलं, तुमचं तुमच्या डॉक्टरांना दाखवून घ्या.

९ जून, रविवार

चौथी गेम, स्कोअर १७-१८. तीन गेम झाल्यावर मी रॅकेट पिशवीत घातली होती पण एक माणूस कमी पडत होता, वकीलसाहेब म्हणाले, "मिस्त्री, एकच की, पंधरा मिनिटांत संपवू." उतरलो परत. समोरच्यानं ड्रॉप, म्हणजे नेटजवळ पडणारा हलका फटका, टाकला, मी मागनं पुढं यायला डाव्या पायानं रेटा दिला आणि पोटरीत फाडकन काहीतरी बसलं. मला वाटलं पार्टनरची रॅकेट लागली. मागं वळून बघितलं तर पार्टनर दोन मीटर लांब उभा.

इथंच थांबायला पाहिजे होतं. स्कोअर अर्धवट कसा सोडायचा म्हणून आणखी तीन पॉइंट लंगडत खेळलो. घरी स्कूटरवर आलो, जिना चढताना टाच टेकवेना.

१० जून

आज केलं ते कुणी करू नये. मी मंगळवार पेठेत वाढलेला, तालीम दारात, लहानपणापासून काही मुरगळलं की तेल लावून रगडून घ्यायचं हीच पद्धत. एका मालिशवाल्याला घरी बोलावलं, त्यानं अर्धा तास अंगठ्यानं पोटरी दाबली, ३०० रुपये घेतले. त्याला दोष देत नाही, मीच "जोरात दाब" म्हणलं. संध्याकाळपर्यंत पोटरी दगडासारखी झाली आणि घोट्यापर्यंत काळं-निळं उतरलं. आत फाटलेलं असताना वरनं रगडलं की रक्त आणखी पसरतं हे दोन दिवसांनी कळलं. पहिल्या दिवसांत बर्फ, क्रेप बँडेज आणि पाय उशीवर, एवढंच करायचं होतं.

१२ जून

हाडांच्या डॉक्टरांकडं. पालथं झोपवलं, पाऊल बेडच्या बाहेर, पोटरी दाबून पाऊल हलतंय का बघितलं. हललं. म्हणजे पोटरी टाचेला जोडणारा जाड दोर (अकिलिस) शाबूत. मग सोनोग्राफीला पाठवलं, मी म्हणलं सोनोग्राफी कशाला, तर म्हणाले पोटरी सुजलीय, शिरेत रक्ताची गुठळी नाही ना हे आधी बघू, कारण दोन्ही बाहेरनं सारखंच दिसतं आणि गुठळी असली तर विषय वेगळा. गुठळी नव्हती. पोटरीचा आतल्या बाजूचा स्नायू थोडा फाटलेला. याला टेनिस लेग म्हणतात, चाळिशीच्या पुढच्या रॅकेटवाल्यांना होतोच म्हणे. सहा ते आठ आठवडे.

माझ्यासारखा कुणी सोनोग्राफीचे पैसे वाचवायच्या विचारात असेल तर वाचवू नका. १६०० रुपये लागले.

१६ जून

चपलेची गोष्ट. माझ्या पायात तीस वर्षं कोल्हापुरी, तळ सपाट. डॉक्टरांनी दोन्ही पायांत टाच थोडी उंच ठेवायला सांगितली म्हणजे पोटरीवरचा ताण कमी होतो. घरातसुद्धा बूट, आत टाचेखाली रबराचा तुकडा. मिसेस पहिल्या दिवशी दारातच अडवायला लागली, बूट घालून घरात कसं यायचं. शेवटी एक नवीन जोड फक्त घरासाठी ठेवला. दोन दिवसांत चालताना फरक पडला.

२४ जून

फिजिओ सुरू. मुलगी वयानं माझ्या धाकट्या लेकीएवढी, पण स्पष्ट बोलणारी. पहिल्याच दिवशी विचारलं, "काका, खेळायच्या दिवसांशिवाय पायासाठी काय करता?" मी म्हणलं, सकाळी रंकाळ्यावर एक फेरी चालतो. ती म्हणाली, चालणं चांगलंच आहे, पण कोर्टवर तुम्ही एका पायावर सगळं वजन घेऊन झटक्यात थांबता आणि उलटं फिरता, त्याची तयारी चालण्यानं होत नाही. पोटरीला तेवढं वजन उचलायची सवयच नसेल तर ती कुठंतरी सुटणारच.

मला हे पटलं. एक टनाच्या क्रेनला दीड टन लावलं तर एखाद्या दिवशी निभावतं, रोज नाही.

आजचा व्यायाम: भिंतीला हात टेकून दोन्ही टाचा वर, सावकाश खाली. दहा वेळा, तीनदा. दुखलं नाही पण थरथर झाली.

७ जुलै

आज काहीच करायला नव्हतं, बाहेर धो धो पाऊस, म्हणून जुन्या वह्या काढल्या. २०१८ पासून ज्या ज्या दिवशी "दुखलं" किंवा "बंद" असं लिहिलंय ते सगळे दिवस एका कागदावर उतरवले. गुडघा, खांदा, कंबर, मांडी, घोटा, सगळं धरून ११ वेळा.

त्यातलं ७ वेळा चौथ्या किंवा त्यापुढच्या गेमला. ३ वेळा कोर्टवर उतरल्यापासून पहिल्या दहा मिनिटांत. फक्त एकदा मधल्या वेळात, तेव्हा ओल्या फरशीवर घसरलो होतो. आणि त्या सातातले पाच दिवस असे की आदल्या दिवशीपण खेळलो होतो.

बराच वेळ कागदाकडं बघत बसलो. सहा वर्षं मी हे माझ्याच हातानं लिहीत होतो आणि एकदापण एकत्र करून बघितलं नाही. दरवेळी वाटायचं वय झालं. वय तर पहिल्या गेमलापण तेवढंच असतं. पहिल्या तीन गेममध्ये, अंग गरम झाल्यावर, कालची विश्रांती झालेली असताना, मला सहा वर्षांत जवळजवळ काही झालेलंच नाही.

मिसेसला कागद दाखवला. ती म्हणाली, "मी काय सांगतेय मग इतकी वर्षं, लवकर या म्हणून."

१८ जुलै

चूक नंबर तीन, आणि ही सगळ्यात महाग. साडेपाच आठवडे झाले होते, चालताना काही दुखत नव्हतं, जिना चढत होतो. फिजिओनं अजून कोर्ट नाही म्हणून सांगितलेलं. मी म्हणलं नुसतं उभं राहून टॉस मारतो, म्हणजे शटल उंच मागं घालवतो, पळत नाही. हॉलवर गेलो. पावसानं फरशीला ओल आलेली, पायात साधे बूट. पंधरा मिनिटं बरी गेली, मग एक शटल डोक्यावरनं मागं गेलं आणि मी न ठरवता मागं उडी घेतली. चाळीस वर्षांची सवय, शटल मागं गेलं की पाय आपोआप जातात. तीच जागा परत ओढली गेली.

फिजिओ रागावली नाही, नुसतं कार्डावर तारीख बदलली. दोन आठवडे मागं. यातनं एक गोष्ट वहीत मोठ्या अक्षरात लिहून ठेवली : नुसतं उभं राहून खेळणं असं काही नसतं. कोर्टवर गेलं की पूर्णच खेळलं जातं, म्हणून पूर्ण तयारी होईपर्यंत जायचंच नाही.

२६ जुलै

पंचगंगा ४३ फुटांच्या धोका पातळीच्या वर. आमच्या ग्रुपमधल्या एकाच्या बहिणीचं घर नदीकाठच्या भागात, सगळे जण तिकडं सामान हलवायला. मला वजन उचलायचं नव्हतं म्हणून फोन आणि चहाची व्यवस्था बघितली. व्यायाम रात्री केला. खेळाचा विषयच कुणाच्या डोक्यात नव्हता.

५ ऑगस्ट

हा आठवडा टीव्हीसमोर. १ तारखेला आपल्या राधानगरीच्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं पॅरिस ऑलिंपिकला रायफलमध्ये ब्राँझ जिंकलं, आमच्या गल्लीत फटाके वाजले. काल बॅडमिंटनला आपला लक्ष्य सेन सेमीफायनलला डेन्मार्कच्या अॅक्सेलसनविरुद्ध दुसऱ्या गेमला ७-० पुढं असून हरला आणि आज ब्राँझची मॅचपण पहिली गेम २१-१३ जिंकून गेली. वाईट वाटलं. वडील असते तर त्यांनी परत सांगलीच्या नंदू नाटेकरांचा विषय काढला असता, १९५६ ला क्वालालंपूरला बॅडमिंटनची स्पर्धा जिंकलेले आणि १९६१ ला पहिला अर्जुन पुरस्कार मिळालेले. आमच्या घरात बॅडमिंटन आलं ते त्या एका नावामुळं.

बघताना या वेळी शटल सोडून पायच बघत होतो. समोरचा मारायच्या क्षणाला दोघंही एक बारीकशी उडी घेऊन दोन्ही पायांवर उतरतात आणि मग निघतात. मी गेली काही वर्षं सपाट तळव्यांवर उभा राहून शटल आल्यावर एकदम झटका देतोय, म्हणजे सगळा भार एका पोटरीवर. हे परत शिकायचं.

१२ ऑगस्ट

एका पायावर टाच वर करायची मोजणी. उजवा २२, डावा ९. फिजिओ म्हणाली डावा वीसला येत नाही तोवर कोर्ट नाही.

सध्या काय करतोय ते सविस्तर लिहितो कारण बरेच जण हेच विचारतात. जिन्याच्या पायरीच्या कडेवर पंजे, टाचा बाहेर, कठड्याला हात. दोन्ही पायांनी वर जायचं, मग चांगला पाय उचलायचा आणि दुखऱ्या एका पायावर चार अंक मोजत टाच पायरीच्या खाली उतरवायची. १५ वेळा, तीनदा, गुडघा सरळ ठेवून. मग परत तेवढंच गुडघा वाकवून, कारण पोटरीत दोन स्नायू आहेत, वरचा आणि त्याच्या आतला, आणि गुडघा वाकवल्याशिवाय आतल्यावर नीट भार येत नाही. सोपं झालं की पाठीवर वजन. जिमची प्लेट आणली नाही, ओळखीच्या वर्कशॉपमधनं ५० एमएमच्या गोल बारचे फूट-फूटभराचे दोन तुकडे आणले, एक तुकडा साधारण पावणेपाच किलो भरतो. नातवाच्या जुन्या दप्तरात टॉवेलात गुंडाळून घालतो.

सुरुवातीला रोज दोनदा करत होतो. वजन आल्यावर एक दिवस आड. रोज केलं तेव्हा आकडा वाढायचा थांबला होता, दिवस सोडल्यावर परत वाढायला लागला.

२५ ऑगस्ट

बूट. फेब्रुवारीत मी २८०० रुपयांचे पळायचे बूट घेतलेले, दुकानात मऊ वाटले म्हणून. बॅडमिंटनला ते चुकीचे. पळायच्या बुटाची टाच जाड आणि उंच असते, सरळ पळायला ठीक, पण आडवं थांबलं की पाय त्या जाडीवरनं बाहेर कलंडतो. दोनदा घोटा वळला होता तो त्याच बुटांनी, वहीत तारखा आहेत. आता गम सोलचे, तळ पातळ असलेले कोर्टचे बूट घेतले, ४२०० रुपये. संध्याकाळी पाय थोडे सुजलेले असतात त्या वेळी जाऊन, खेळायचे मोजे घालून माप घेतलं. जुने फिरायला ठेवलेत.

१ सप्टेंबर, रविवार

डावा २०, उजवा २४. कोर्टवर परत. बरोबर १२ आठवडे गेले. सहा आठवडे तर लागणारच होते, बाकीच्यातले दोन-तीन तरी माझ्या हातानं घालवले.

आज मॅच नाही. अर्ध्या कोर्टात सिंगल्स खेळलो, म्हणजे मधल्या रेषेच्या एकाच बाजूला, दोघांनी फक्त सरळ मारायचं. रुंदी ३.०५ मीटर, त्यामुळं आडवं कापत जावं लागत नाही, पण पुढं-मागं पूर्ण होतं आणि हात बसतो. वीस मिनिटं. पोटरी गप्प. घरी येताना गंगावेशीत थांबून समोर धार काढलेलं दूध प्यालो, जूनपासून तिकडं गेलो नव्हतो.

१० सप्टेंबर

घरात गणपती आहेत पण सकाळी तासभर गेलो, कारण ग्रुपशी बोलायचं होतं. एकट्यानं नियम पाळणं अवघड आहे हे जूनमध्ये कळलेलं, चौथा माणूस कमी असला की नाही म्हणता येत नाही. म्हणून ७ जुलैचा कागद घेऊन गेलो आणि सगळ्यांसमोर ठेवला. आम्ही नऊ जण, सगळ्यात लहान ५१, सगळ्यात मोठे मास्तर ७१.

मी मांडलं ते एवढंच. एका दिवसात माणशी तीन गेम. ११ पॉइंटला नियमात ६० सेकंदांचा ब्रेक आहे आणि दोन गेममध्ये दोन मिनिटांचा, ते आम्ही कधी घेतच नव्हतो, ते घ्यायचे. आणि सलग दोन दिवस खेळायचं नाही.

वकीलसाहेबांना पटेना. "तासाला ३२० रुपये कोर्टचे भरायचे आणि बसून राहायचं व्हय? ब्रेकमध्येच दहा मिनिटं गेली." हिशोब त्यांचा बरोबर होता. मास्तर म्हणाले, "माझं सोडा, ह्या मिस्त्रीचे बारा आठवड्यांचे पैसे आपण आठ जणांनी भरले की." त्याच्यावर कुणी काही बोललं नाही. मला तर तोंड वर करवेना, कारण मी माझा वाटा द्यायला गेलेलो आणि त्यांनी घेतला नव्हता.

शेवटी ठरलं की ब्रेक सगळ्यांनी घ्यायचे, तीन गेमचं ज्याचं त्यानं बघायचं, पण थांबतो म्हणणाऱ्याला कुणी आग्रह करायचा नाही. माणूस कमी पडला तर तिघांत दोन विरुद्ध एक खेळायचं, एकट्याच्या बाजूला सिंगल्सचं कोर्ट धरायचं.

२२ सप्टेंबर

डोळे. परत सुरू केल्यापासून अंगावर येणारे स्मॅश चुकत होते, वाटलं तीन महिन्यांच्या गॅपमुळं. पण डोक्यावरचं शटल नीट दिसायचं आणि कमरेखालचं धूसर. चष्म्याच्या दुकानातल्यानं लगेच ओळखलं. माझा चष्मा प्रोग्रेसिव्ह, खालच्या भागात वाचायचा नंबर. खाली बघितलं की मी दोन-तीन मीटरवरचं शटल पेपर वाचायच्या काचेतनं बघत होतो. शिवाय पुढं वाकून पाय टाकताना जमीनपण नीट कळत नाही, म्हणजे पायालापण धोका.

खेळासाठी वेगळा चष्मा केला, फक्त लांबचा नंबर, पॉलीकार्बोनेटची काच, मागं पट्टा. ३४०० रुपये. शटल वजनाला पाच ग्रॅम असलं तरी त्याचं बूच बरोबर डोळ्याच्या खोबणीत बसतं, डबल्सला नेटजवळ उभा राहणाऱ्यानं तर काच घालावीच. पहिल्या दिवसापासून खालचं शटल लागायला लागलं. हे तीन वर्षं आधी केलं असतं तर बरं झालं असतं.

६ ऑक्टोबर

कोपर. बाहेरच्या बाजूला दुखायला लागलं, चहाचा कप उचलतानासुद्धा. मोजून बघितलं तर बदल एकच झालेला, ऑगस्टमध्ये रॅकेटचं गटिंग केलं, म्हणजे जाळी नव्यानं विणून घेतली, तेव्हा ताण किती ठेवू असं दुकानातल्या पोरानं विचारलं आणि मी २६ पाउंड सांगितलं, कारण तरुणपणी तेवढंच मारायचो. ताण जास्त असला की बरोबर मध्यभागी शटल लागलं तरच जातं, जरा बाजूला लागलं की सगळा हिसका हाताला. परत करून २२ पाउंड घेतलं. टॉस मागच्या रेषेपर्यंत कमी जोरात जायला लागला. ग्रिपपण आवळून धरत होतो, वर एक पट्टी चढवून जाड केली. तीन आठवड्यांत दुखणं गेलं. दोन गटिंगचे १२०० गेले, त्यातलं एक नसतं केलं तर चाललं असतं.

१३ ऑक्टोबर, रविवार

काल दसरा झाला. आजची नोंद लिहायला हात चालत नाही पण लिहितो.

दुसऱ्या गेमला, स्कोअर जेमतेम ८-६, वकीलसाहेब रॅकेट टेकवून उभे राहिले. म्हणाले, ॲसिडिटी झालीय, काल दसऱ्याचं जेवण जास्त झालं. बसले, पाणी प्याले. चेहरा पांढरा, मानेवर घाम, आणि हा घाम खेळाचा नव्हता, थंड होता. जबडा चोळत होते. मी विचारलं छातीत काय होतंय, तर म्हणाले काही नाही, जड वाटतंय, पाच मिनिटांत उतरतो. मास्तरांनी सरळ गाडीची किल्ली घेतली. त्यांना स्वतः गाडी चालवू द्यायची नाही, जिना उतरू द्यायचा नाही, खुर्चीवर बसवून खाली नेलं. ईसीजीत दिसलं. दुपारी अँजिओप्लास्टी, एक स्टेंट. आत्ता बोलतायत.

माझ्या कागदात हे कुठंच बसत नाही. दुसरी गेम, अंग गरम, आदला दिवस विश्रांतीचा. वय ५८, आमच्यात सगळ्यात फिट म्हणून धरलेले. मी जुलैपासून पायांचा हिशोब मांडत बसलो आणि छातीचा प्रश्न एकदापण वहीत आला नाही.

१९ ऑक्टोबर

ग्रुपमधले बाकी सगळे तपासून घ्यायला गेलो. माझी स्ट्रेस टेस्ट नॉर्मल, १८०० रुपये. बीपीची गोळी बदलली नाही. मास्तरांना आणखी तपासण्या सांगितल्या, त्यांनी तोवर खेळ थांबवलाय. हॉलमध्ये कागद लावला : छातीत, जबड्यात, डाव्या हातात, पाठीत काहीही जड वाटलं, थंड घाम आला, तर गेम तिथंच बंद, ॲसिडिटी आहे का ते डॉक्टर ठरवतील. खाली १०८ नंबर आणि जवळ गाडी कुणाची असते त्याचं नाव. खेळायच्या आधी मिसळ बंद. खेळून झाल्यावर अर्ध्या तासानं खातो.

१७ नोव्हेंबर

दिवाळीनंतर आठवड्यातनं तीन दिवस, मंगळवार-गुरुवार-रविवार, दरवेळी तीन गेम. पोटरी ठीक. खेळण्यात बदललंय ते थोडक्यात : उडी मारून स्मॅश पूर्ण बंद. पूर्वी दहातले सात शटल मारायचो, आता तीन. बाकीचे ड्रॉप किंवा उंच टॉस, उंच टॉसमुळं मधे परत यायला वेळ मिळतो. बॅकहँडच्या कोपऱ्यात मी धावत जात नाही, पार्टनर डावखुरा घेतलाय. सिंगल्स पूर्ण कोर्टात नाही. हे सोडताना दोन महिने मनाला लागलं, अजून लागतं, रविवारी पोरं सिंगल्स खेळत असली की कठड्यापाशी थांबून बघतो.

वकीलसाहेब सकाळी चालायला लागलेत. हॉलवर येऊन स्कोअर सांगतात.

१ डिसेंबर

थंडी. पहिल्या दहा मिनिटांत झालेली तीन दुखणी वहीत होती, त्यातली दोन डिसेंबर-जानेवारीची. आता कोर्टच्या बाहेर बारा मिनिटं : जागेवर चालणं, दोरी नसलेली दोरीउडी, टाचा वर-खाली, पुढं पाय टाकून वाकणं, शेवटी शटलशिवाय चारी कोपरे. आधी मी उभं राहून पोटरी ताणून धरायचो आणि त्यालाच वॉर्मअप म्हणायचो, अंग त्यानं गरम होत नाही. जर्किन पहिली गेम संपेपर्यंत काढत नाही.

फेदर शटल कोरड्या हवेत पटापट तुटतात. आदल्या रात्री डब्याची दोन्ही झाकणं काढून केटलीच्या वाफेवर अर्धं मिनिट धरायचा आणि झाकून ठेवायचा, पिसं मऊ राहतात. एक शटल एक गेम जायचं ते दीड-दोन जातं.

आजवरचा खर्च : डॉक्टर तीनदा १५००, सोनोग्राफी १६००, फिजिओ आठ वेळा २८००, बूट ४२००, चष्मा ३४००, गटिंग १२००, स्ट्रेस टेस्ट १८००. एकूण १६,५००. मालिश आणि पळायचे बूट मिळून ३१०० त्यात धरले नाहीत, ते माझ्या चुकीचे.

२२ डिसेंबर, रविवार

गावातल्याच दोन ग्रुपची मैत्रीपूर्ण स्पर्धा, डबल्स, दोघांचं वय मिळून ११५ च्या वर. २०१७ ला कोचीत वर्ल्ड सीनियर झाली तेव्हा ३५ पासून पाच-पाच वर्षांचे गट बघितलेले, पंचाहत्तरीच्या पुढचेपण, तेव्हापासून डोक्यात होतं की आपल्याकडंपण वयाप्रमाणं व्हावं. पहिली मॅच १९-२१, २१-१६, २१-१८ जिंकलो. तिसऱ्या गेमला १४-१७ मागं होतो, तिथनं आलो. शेवटचा पॉइंट ड्रॉपवर पुढं जाऊन, डाव्याच पायाच्या रेट्यानं, मास्तर बाहेरनं ओरडले.

तीन गेम झाल्या. दुपारी सेमीफायनल होती. पार्टनर माझ्याकडं बघत राहिला. ५५ चा आहे, पहिल्यांदा सेमीला आलेला. मी त्याला म्हणलं, माझ्या तीन झाल्यात. आयोजकांना सांगून मॅच सोडली. पार्टनर काही बोलला नाही, पाण्याची बाटली घेऊन बाहेर गेला. मला फार वाईट वाटलं आणि आत्ता रात्रीपण वाटतंय. वकीलसाहेब शेजारी येऊन बसले, आणि दुसऱ्यांची सेमीफायनल आम्ही दोघांनी शेवटपर्यंत बघितली.

संध्याकाळी पार्टनरचा फोन आला, मंगळवारी येताय न्हवं विचारायला.

उद्या सोमवार, विश्रांती. मंगळवारी खेळ, बुधवारी पायरी, दप्तरात दोन्ही तुकडे घालून. डावा आता २३ ला आहे, उजवा २५.